तारांचे रंग एक, दिव्यांचे आकडे अनेक

डीसीसी या डिजिटल पद्धतीवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाचा वेग एकेक पायरीने वाढवत नेला की कधीकधी एक विचित्र प्रकार दिसतो. एका पायरीला हेडलाइट लागतो, पुढच्या पायरीला विझतो, त्याच्या पुढच्या पायरीला परत लागतो. माणूस आधी तार सैल आहे का ते बघतो, मग एलईडी बदलतो, मग दुकानदाराला फोन करतो. तार, एलईडी आणि दुकानदार तिघेही निर्दोष असतात. डीसीसीच्या मूळ १४ पायऱ्यांच्या पद्धतीत वेगाच्या संदेशातच एक बिट हेडलाइटसाठी राखलेला आहे. २८ पायऱ्यांच्या पद्धतीत तोच बिट दोन पायऱ्यांमधली अर्धी पायरी सांगतो आणि दिव्याचा संदेश वेगळा जातो. कंट्रोलर २८ पायऱ्यांच्या हिशेबाने बोलत असेल आणि इंजिनातला डिकोडर १४ च्या हिशेबाने ऐकत असेल, तर प्रत्येक अर्धी पायरी डिकोडरला ‘दिवा लाव’ अशी ऐकू येते. डिकोडरच्या स्मृतीतल्या सीव्ही २९ या कप्प्याच्या किमतीत २ मिळवले की हा लपंडाव थांबतो.

मॉडेल रेल्वेतल्या दिव्यांच्या बहुतेक तक्रारी अशाच असतात. दोष दिसतो दिव्यात आणि असतो एखाद्या आकड्यात. तारा जोडण्याचे काम तीसेक वर्षांत बरेच शिस्तीत आले. कोणत्या रंगाची तार कशाची, हे अमेरिकेत आणि जर्मनीत सारखेच आहे. त्या तारेच्या टोकाशी असलेला दिवा कसा लुकलुकावा, हे सांगणारे आकडे मात्र ज्या त्या कंपनीने आपापल्या घरात ठरवले. आणि तो दिवा मुळात लुकलुकावा की नाही, याचे उत्तर डिकोडरच्या पुस्तिकेत नसतेच. ते खऱ्या रेल्वेच्या नियमपुस्तकात असते. या तीन गोष्टींची गल्लत झाली की इंजिन लग्नाच्या मांडवासारखे दिसू लागते.

डीसीसीच्या आधीचा काळ थोडक्यात सांगतो. साध्या डीसी पद्धतीत रुळांमधले व्होल्टेज म्हणजेच वेग. गाडी हळू तर दिवा मंद, गाडी थांबली तर अंधार. स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीचे दिवे विझलेले, हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी गोड मानून घेतले. त्यावर एक हुशार तोडगा होता. मोटरच्या वाटेत डायोड बसवायचे, त्यांच्यावर जे दीडेक व्होल्ट पडतात त्यावर दीड व्होल्टचा इवलासा बल्ब लावायचा. मोटर फिरण्याइतके व्होल्टेज येण्याआधीच बल्ब पेटे आणि पुढे वेग वाढला तरी त्याची प्रखरता तीच राही. पण गाडी उभी असताना दिवा पेटता ठेवायचा तर कंट्रोलरचा नॉब मोटर हलणार नाही अशा बेताने किंचित उघडा ठेवावा लागे. लावणे-विझवणे हातात नव्हतेच.

ते हातात आले डिजिटल पद्धतीमुळे. जर्मनीच्या लेंझ कंपनीने १९८० च्या दशकात दोन रुळांच्या डीसी मॉडेलांसाठी जे तंत्र बनवले, त्याच्या पायावर अमेरिकेतल्या एनएमआरए या संस्थेने पुढच्या दशकात डीसीसीचे मानक उभे केले. ही संस्था १९३५ पासूनची. कोणत्याही कंपनीचा डबा कोणत्याही कंपनीच्या इंजिनाला जोडता यावा, कोणतेही चाक कोणत्याही रुळावर चालावे, असल्या गोष्टींसाठी ती झगडत आली होती, त्यामुळे हे काम तिच्याकडे येणे साहजिक होते. डीसीसीत रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असते, फक्त त्याची दिशा अतिशय भराभर उलटसुलट होते. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो ‘एक’, १०० किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंदांची असेल तर ‘शून्य’. वीज आणि निरोप एकाच जोडीतून येतात. गाडी उभी असली तरी डिकोडरला वीज मिळत राहते आणि दिव्याला आपले स्वतंत्र आयुष्य मिळते.

आता तारा. लाल आणि काळी रुळांकडून येते, लाल उजव्या बाजूची. नारिंगी आणि करडी मोटरकडे जाते. पांढरी पुढच्या हेडलाइटची, पिवळी मागच्याची, हिरवी आणि जांभळी ही पुढची दोन आउटपुट. आणि निळी. नव्या माणसाचा घोळ होतो तो निळीपाशी. घरातल्या वायरिंगची सवय असलेल्याला वाटते की पांढऱ्या तारेतून वीज ‘येते’. ती येत नाही. डिकोडरने रुळांवरची वीज एका दिशेची करून घेतल्यावर तिची धन बाजू निळ्या तारेवर कायम हजर असते. पांढरी, पिवळी, हिरवी, जांभळी या तारा फक्त ऋण बाजूचे दार उघडतात आणि बंद करतात. म्हणून एलईडीचा लांब पाय निळीकडे, आखूड पाय रंगीत तारेकडे. निळी तार इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला किंवा रुळाला टेकली, तर डिकोडर जळण्याची पूर्ण सोय झाली असे समजावे. जुन्या अमेरिकन मॉडेलांत, ॲथर्नची निळ्या खोक्यातली इंजिने हे त्याचे ठळक उदाहरण, मोटरचे एक टोक थेट सांगाड्यातूनच वीज घेते आणि बल्बही तिथेच टेकवलेला असतो. अशा इंजिनात डिकोडर घालण्याआधी मोटर आणि दिवा दोन्ही सांगाड्यापासून तोडावे लागतात. मल्टिमीटरची ‘टीं’ ऐकू येत नाही याची खात्री झाल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न गरमसुद्धा करू नये.

रेझिस्टरचा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाचा आहे, पण त्यात एक रुचीचा प्रश्न दडलेला आहे. निळ्या तारेवर १४ व्होल्ट आहेत असे धरू. पांढरा एलईडी स्वतःवर ३ व्होल्ट घेतो, उरलेले ११ रेझिस्टरने खायचे. १ किलोओहमचा रेझिस्टर लावला तर ११ मिलिअँपिअर वाहतात आणि रेझिस्टरवर ०.१२ वॉट तापतात. म्हणजे अष्टमांश वॉटचा रेझिस्टर अगदी काठावर, पाव वॉटचा निवांत. विजेच्या दृष्टीने हे सगळे ठीक. पण आजचे एलईडी इतके तेज असतात की १:८७ च्या इंजिनात ११ मिलिअँपिअरचा हेडलाइट पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घुसतो, प्लास्टिकच्या बॉडीतून आरपार दिसतो आणि समोरच्या भिंतीवर स्पष्ट वर्तुळ पाडतो. ४.७ किलोओहम लावला तर सव्वादोन मिलिअँपिअर, १० किलोओहमला साधारण एक. माझा कल कायम मोठ्या रेझिस्टरकडे आहे. प्रदर्शनांत मांडलेल्या किंवा दुकानातून तयार आलेल्या मॉडेलांत सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे हा उजेडाचा अतिरेक, आणि त्यावरचा इलाज काही पैशांत मिळतो. बॉडी आतून काळ्या रंगाने रंगवणे हा त्याचा जोडीदार.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर, हा नियम आळसापोटी मोडला जातो. लाल एलईडी साधारण २ व्होल्टला पेटतो, पांढरा ३ ला. दोघांना समांतर जोडून एकच रेझिस्टर दिला तर लाल सगळा प्रवाह गिळतो आणि पांढरा अंधारात राहतो. दोन पांढरे एकापाठोपाठ, म्हणजे मालिकेत, जोडून एक रेझिस्टर दिला तर चालते. १४ मधले ६ त्यांनी घेतले, ८ उरले. तंतूच्या जुन्या बल्बांची अडचण निराळी. १२ व्होल्टचा, ५० मिलिअँपिअरचा बल्ब कागदावर १०० मिलिअँपिअरच्या आउटपुटला सहज झेपतो. पण थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या जवळपास दहावा हिस्सा असतो. पेटण्याच्या पहिल्या क्षणी तो डिकोडरकडे भलतीच मागणी करतो, आणि डिकोडर स्वतःला वाचवायला ते आउटपुट बंद करतो. वीसेक ओहमचा रेझिस्टर मालिकेत घातला की पहिला धक्का सौम्य होतो.

प्लग आणि सॉकेट आल्यापासून सोल्डरिंगशिवाय डिकोडर बसतो, हे खरे असले तरी पूर्ण खरे नाही. एनईएम ६५१ या मानकाच्या सहा पिनांच्या सॉकेटमध्ये निळ्या तारेला जागाच नाही. तिथे दिव्याचे दुसरे टोक रुळाच्या एका बाजूला जोडलेले असते, त्यामुळे तो अर्धाच वेळ पेटतो. आठ पिनांच्या एनईएम ६५२ मध्ये निळी आहे, हिरवी आहे. त्यापुढे नेक्स्ट१८, प्लक्स२२ आणि २१ पिनांचा एमटीसी. या २१ पिनांच्या सॉकेटची एक खोच लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातली वरच्या क्रमांकाची आउटपुट अनेकदा दिवा पेटवण्याइतका प्रवाह देत नाहीत, नुसता इशारा देतात. इंजिनातल्या बोर्डावर त्यांच्यासाठी ट्रान्झिस्टर नसेल तर एलईडी लावून, सीव्ही बदलून, रात्र जागवून काही होत नाही. उलट काही बोर्डांवर रेझिस्टर आधीच असतात आणि मालक वरून आपला एक लावतो. त्याने नुकसान नाही, फक्त दिवा मंद. मला विचाराल तर बऱ्याचदा तोच बरा दिसतो.

दिव्याचा खरा शत्रू मळका रूळ. मोटर जडत्वावर एखादा मिलिसेकंद ढकलली जाते, एलईडी लगेच मिचकावतो. त्यासाठी कपॅसिटरचा साठा जोडतात. तो थेट जोडला तर गाडी रुळावर ठेवताक्षणी सगळे कपॅसिटर एकदम भरू पाहतात आणि रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरला शॉर्ट झाल्यासारखे वाटते. म्हणून भरताना १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर आणि सोडताना त्याला वळसा घालणारा डायोड, ही जोडी हवी. डब्यांतल्या दिव्यांना तर हा साठा जवळजवळ अनिवार्यच. डब्याला मोटर नाही, वजन कमी, चाकांचा स्पर्श हलका.

इथवर जगाचे एकमत आहे. पुढे आकड्यांचा प्रांत लागतो.

डिकोडरची स्मृती म्हणजे क्रमांक दिलेले कप्पे, त्यांना सीव्ही म्हणतात, आणि प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ मधली एक किंमत. सीव्ही १ मध्ये पत्ता, सीव्ही ८ मध्ये कंपनीची ओळख. सीव्ही ३३ ते ४६ मध्ये कोणते बटण दाबले की कोणते आउटपुट चालू व्हावे याचा नकाशा. आउटपुटांना किमती दिलेल्या आहेत: पांढऱ्याला १, पिवळ्याला २, हिरव्याला ४, जांभळ्याला ८, असे दुप्पट होत जाणारे आकडे. एका बटणावर जे जे पेटायला हवे त्यांची बेरीज करायची. एफ१ या बटणाने शंटिंगसाठी दोन्ही टोकांचे दिवे लागावेत असे वाटत असेल तर सीव्ही ३५ मध्ये १ अधिक २, म्हणजे ३. एकदा बोटांत बसले की हे गणित मजेचे वाटते.

पण एकाच कप्प्यात आठच बिट मावतात आणि आउटपुट चौदा. मानक लिहिणाऱ्यांनी मग खिडकी सरकवली. सीव्ही ३७ पर्यंत ४ म्हणजे तिसरे आउटपुट, हिरवी तार. सीव्ही ३८ पासून, म्हणजे एफ४ च्या बटणापासून, खिडकी तीन घरे पुढे जाते आणि तोच ४ सहाव्या आउटपुटचा होतो. सीव्ही ४३ पासून ती आणखी तीन घरे सरकते. याचा एक परिणाम असा की मानकाच्या चौकटीत राहून एफ४ वर पहिली तीन आउटपुट आणताच येत नाहीत. हेडलाइट एफ९ वर हवा असेल तर नाही म्हणजे नाही. जागा वाचवण्याची ती काटकसर त्या काळच्या चिपांसाठी समजण्यासारखी होती. आज तिचा एकच उपयोग उरला आहे, नव्या लोकांना चकवणे. अनेक कंपन्यांनी खिडकी न सरकवण्याचा पर्याय दिला आणि त्यासाठी अर्थातच प्रत्येकीने वेगळा सीव्ही निवडला.

मानकात सीव्ही ४९ पासूनचा पट्टा कंपन्यांना मोकळा सोडला होता. दिव्यांचे परिणाम तिथे वस्तीला आले. डिजिट्रॅक्स, टीसीएस, साउंडट्रॅक्स अशा अमेरिकन कंपन्यांनी ४९ पासून ओळीने एकेका आउटपुटला एकेक सीव्ही दिला. पण कोणत्या किमतीला कोणता दिवा, हे प्रत्येकीचे निराळे. ऑस्ट्रियाच्या झिमोने परिणामांसाठी १२५ पासूनचे सीव्ही घेतले. तिथे परिणामाचा क्रमांक चारने गुणायचा आणि खालच्या दोन बिटांत दिशा सांगायची. मार्स लाइट (हा आणि जायरालाइट म्हणजे काय, ते पुढे येईलच) दोन्ही दिशांना हवा तर ४, फक्त पुढे जाताना हवा तर ५, जायरालाइट २८. ही रचना मला सर्वांत नीटस वाटते, कारण आकड्याकडे पाहून त्याचा अर्थ मनात उलगडता येतो. जर्मनीच्या ईएसयूने साधे कप्पे सोडून पानांची पद्धत घेतली. सीव्ही ३१ आणि ३२ मध्ये पान क्रमांक लिहायचा आणि मग २५७ च्या पुढचे सीव्ही त्या पानापुरते बोलतात. तिथे प्रत्येक आउटपुटला परिणाम, उशीर, प्रखरता असे अनेक कप्पे आहेत. ताकद अफाट, पण हाताने आकडे टाकून हे करणे म्हणजे शिक्षा. प्रखरतेची मापेही जुळत नाहीत. ईएसयूचा दिवा ० ते ३१ मध्ये मोजला जातो, झिमोचा ० ते २५५ मध्ये. एका कंपनीच्या पुस्तिकेतला ३१ दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरात टाकला तर दिवा जेमतेम तग धरतो आणि माणूस रेझिस्टर बदलायला धावतो.

युरोपातल्या कंपन्यांच्या रेलकम्युनिटी या संघाने आरसीएन २२७ या मानकात फंक्शन-जोडणी अधिक मोकळी केली. कोणत्या बटणाने, कोणत्या दिशेला, कोणते आउटपुट, एवढे त्यात नीट मांडता येते. मार्स लाइटचा आकडा कोणता, हा प्रश्न तसाच राहिला. तो सुटेल असे मला वाटत नाही. दिव्यांचे परिणाम हा कंपन्यांच्या जाहिरातीतला माल आहे आणि माल कोणी एकसारखा करत नाही.

म्हणून खरा तोडगा मानकातून न येता सॉफ्टवेअरमधून आला. जेएमआरआय हा मुक्त प्रकल्प आणि त्यातला डिकोडरप्रो हा प्रोग्राम. प्रत्येक डिकोडरच्या सीव्हींचे वर्णन करणारी एक फाइल स्वयंसेवक लिहितात. पडद्यावर ‘जायरालाइट’ निवडायचे, आकडा कोणता आणि कुठे लिहायचा ते फाइल बघून घेते. याच फायलींनी कायद्याच्या इतिहासात जागा मिळवली, हे छंदाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. प्रकल्पाचे प्रमुख बॉब जेकबसन हे भौतिकशास्त्रज्ञ. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने या डिकोडर-फायली मूळ लेखकांचे नाव आणि परवान्याच्या अटी काढून आपल्या विक्रीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, असा जेकबसन यांचा दावा होता. खालच्या न्यायालयाने हा फार तर कराराचा भंग आहे अशी भूमिका घेतली. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ती फिरवली. मुक्त परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे त्यांनी सांगितले. पुढे २०१० मध्ये तडजोड झाली. मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यांना अमेरिकेत जो कायदेशीर आधार आहे त्यातला एक मोठा खांब खेळण्यातल्या इंजिनाचे दिवे लावणाऱ्या फायलींवर उभा आहे.

सीव्ही लिहिण्या-वाचण्यासाठी जो वेगळा प्रोग्रामिंग रूळ असतो, त्याबद्दल एक इशारा. तिथे डिकोडर ‘समजले’ असे सांगतो ते सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जास्त ओढून. हे ओढण्यासाठी तो सहसा मोटरला हलकासा झटका देतो. फक्त दिव्यांसाठी असलेल्या डिकोडरला मोटर नाही, आणि दोन-दोन मिलिअँपिअरचे चार एलईडी मिळून ६० होत नाहीत. त्यामुळे लिहिलेले नीट पोहोचते पण वाचताना चूक दाखवली जाते. तात्पुरता एखादा बल्ब आउटपुटला जोडला की वाचन सुरळीत होते. साठवणीचे कपॅसिटरही याच कारणाने इथे घोटाळा करतात.

आता परिणामांकडे, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप त्याकडे. अमेरिकन इंजिनांचे दिवे एवढे विविध का, याचे उत्तर रस्त्यांच्या फाटकांत आहे. तिथे असंख्य लेव्हल क्रॉसिंग उघडी असतात आणि येणारी गाडी मोटारचालकाच्या नजरेत भरावी लागते. शिकागोच्या मार्स कंपनीचा दिवा १९३० च्या दशकात आला. परावर्तक असा हलायचा की झोत आडव्या आठाची रेघ काढायचा. पाइल-नॅशनल या शिकागोच्याच कंपनीचा जायरालाइट झोताला गोल फिरवायचा. समोरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक कळतो: जायरालाइटचा उजेड एका तालात वाढतो-ओसरतो, मार्सचा ताल दुहेरी आणि अडखळता. डिकोडर हलता झोत देऊ शकत नाही. तो एका जागच्या एलईडीची प्रखरता वरखाली करून समोरच्या माणसाला काय दिसले असते ते दाखवतो. म्हणजे हा परिणाम खरा वाटतो तो फक्त समोरून. बाजूने पाहिले तर नुसता श्वास घेणारा दिवा. हे माहीत असलेला माणूस मांडणीत वळण अशा जागी ठेवतो की गाडी प्रेक्षकाकडे तोंड करून येईल.

डिच लाइटची गोष्ट कॅनडात सुरू होते. डोंगराळ मार्गांवर वळणाच्या आत पडलेले दगड दिसावेत म्हणून खाली, दोन बाजूंना दिवे लावले गेले. अमेरिकेत ते पुढे सुरक्षेचा नियम झाले. १९९७ च्या अखेरीपासून, ताशी २० मैलांहून जास्त वेगाने सार्वजनिक फाटक ओलांडणाऱ्या इंजिनाला पुढे साहाय्यक दिव्यांची जोडी सक्तीची आहे. ते लुकलुकणारे असतील तर मिनिटाला किमान ४० आणि जास्तीत जास्त १८० वेळा, हेही नियमात आहे. मॉडेलवाल्याला याहून नेमका आकडा कोण देणार? तरी किती डिच लाइट डिस्कोच्या गतीने मिचकावताना दिसतात. साउंडट्रॅक्समध्ये लुकलुकण्याची गती सीव्ही ५९ मध्ये आणि हॉर्न थांबल्यावर ते किती वेळ चालू राहावे हे सीव्ही ६० मध्ये ठरते. हॉर्नबरोबर आपोआप सुरू होणारे डिच लाइट हा माझ्या मते सगळ्या परिणामांतला सर्वांत सार्थ परिणाम आहे, कारण त्यात दिव्याला कारण आहे. पण १९९७ च्या आधीच्या काळातले इंजिन असेल तर ते तिथे आहेत का, हे आधी छायाचित्रात बघावे. एखाद्या १९५५ सालच्या डिझेलवर डिच लाइट म्हणजे पेशवाईच्या नाटकात मनगटी घड्याळ.

नियम १७ नावाचा परिणाम बहुतेक डिकोडरांत असतो आणि त्याच्या नावाने लोक गोंधळतात. जुन्या अमेरिकन नियमपुस्तकांतला हा हेडलाइटचा नियम. समोरून गाडी येत असेल, स्टेशनात उभे असाल, तर दिवा मंद करा. त्यात डोळे दिपवणारे काही नाही, आणि म्हणूनच तो वापरला की मांडणी एकदम शहाणी दिसते. लूपमध्ये थांबलेली गाडी दिवा मंद करून समोरच्या गाडीची वाट बघते आहे, एवढे एक दृश्य शंभर स्ट्रोबना भारी.

वाफेच्या इंजिनांत हेडलाइटला वीज देणारे छोटे टर्बोजनरेटर असायचे. वाफ सोडली की ते सावकाश वेग धरीत आणि दिवा हळूहळू चढे. साउंडट्रॅक्सच्या डायनो-लाइटमध्ये जनरेटरचा आवाज आणि दिव्याचा चढता उजेड एकत्र येतात. भट्टीसाठी नारिंगी आणि लाल असे दोन एलईडी दोन आउटपुटांवर लावून स्वैर थरथर द्यायची पद्धत आहे. ईएसयूच्या डिकोडरांत कोळसा टाकण्याच्या आवाजाबरोबर भट्टी उजळते. खऱ्या इंजिनात भट्टीचे दार बंद असताना बाहेर फारसा उजेड येत नाही, तेव्हा ही जोडणी तर्काला धरून आहे. सतत भगभगणारी भट्टी मात्र इंजिनाला आग लागल्यासारखी वाटते. रॉकेलच्या दिव्याची थरथरही अशीच फुगवलेली असते. काचेच्या चिमणीतली चांगली कापलेली वात वाऱ्यावरच्या मेणबत्तीसारखी नाचत नाही, हे कंदिलावर अभ्यास केलेल्या पिढीला सांगायला नको. आणि डब्यांतल्या ट्यूबलाइटचा परिणाम: एका आउटपुटवर अख्खा डबा असतो, त्यामुळे सगळ्या ट्यूब एकाच ठेक्यात चमकून एकदम लागतात. खऱ्या डब्यात एक लागते, दुसरी अडते, तिसरी कोपऱ्यात लुकलुकत राहते. जमत असेल तर डबा दोन-तीन आउटपुटांत वाटावा, नाहीतर दिवा साधा लावावा.

युरोपात लुकलुक कमी, व्याकरण जास्त. जर्मन गाडीपुढे त्रिकोणात तीन पांढरे, शेवटी दोन लाल. स्वित्झर्लंडमध्ये एकट्या धावणाऱ्या इंजिनाच्या मागे एकच पांढरा दिवा दिसण्याची रीत होती, आणि स्विस इंजिनांच्या दिव्यांची जुळणी एवढी गुंतागुंतीची की झिमोने त्यासाठी खास ‘स्विस मॅपिंग’ बनवले. ब्रिटनच्या नव्या इंजिनांत दिवसा आणि रात्री वेगवेगळा हेडलाइट पेटतो. या मुलखातला सर्वांत सार्वत्रिक दोष कारखान्यातूनच येतो. अनेक मॉडेलांत पुढचे पांढरे आणि मागचे लाल दिवे एकाच आउटपुटवर बांधलेले असतात. एकटे इंजिन धावताना छान दिसते. मागे दहा डबे लावले की इंजिनाचे लाल दिवे पहिल्या डब्याच्या तोंडावर उजेड पाडत राहतात, जणू गाडी तिथेच संपली. काही मॉडेलांत तळाशी बारीक स्विच असतो. तो नसेल तर लाल दिव्यांची तार तोडून त्यांना हिरव्या-जांभळ्याकडे न्यावे आणि नकाशात त्यांना दिशा द्यावी. एवढी एकच दुरुस्ती केली तरी सगळी गाडी खरी वाटू लागते. तासभराच्या कामाला एवढे फळ देणारे दुसरे काही या क्षेत्रात मला माहीत नाही.

आपल्याकडच्या इंजिनांचे काय? मराठी घरांत छोटी रेल्वे म्हटली की आधी पुण्याच्या कोथरूडमधले भाऊ जोशी यांचे, १९९८ पासूनचे संग्रहालय आठवते. घरी मांडणी करणारेही आहेत, आणि भारतीय इंजिनाचे मॉडेल हाती आले की प्रश्न सुरू होतात. मोजपट्टीचा प्रश्न सोडून देऊ. १६७६ मिलिमीटरचे ब्रॉडगेज १:८७ मध्ये १९ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि गाडी धावते १६.५ वर, पण त्यावर बोलायला वेगळा लेख लागेल. दिव्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे, कारण भारतीय परिणाम कोणत्याच डिकोडरच्या यादीत नसला तरी तो जमवता येतो.

डब्ल्यूएपी-७ सारखे दोन्ही टोकांना केबिन असलेले इंजिन घ्या. प्रत्येक टोकाला हेडलाइट, पांढरे मार्कर, लाल मार्कर, फ्लॅशर आणि केबिनचा दिवा. पाच दुणे दहा आउटपुट. आठ पिनांच्या डिकोडरात हे बसत नाही. प्लक्स२२ किंवा २१ पिनांच्या डिकोडरात, वरची आउटपुट नुसती इशाऱ्याची नाहीत ना हे बघून, बसते. आउटपुट कमी पडत असतील तर मी दोन्ही केबिन एका तारेवर आणीन, कारण केबिनचा दिवा चालत्या गाडीत सहसा बंदच असतो. लाल मार्कर मात्र कधीही पांढऱ्यांशी बांधणार नाही. कारण वर आलेच आहे, आणि इथे तर गाडीच्या शेवटची खूण शेवटच्या डब्यावर असते. दिवसा एलव्हीची (लास्ट व्हेइकल) पाटी, रात्री लुकलुकता लाल दिवा. तो लाल दिवा शेवटच्या डब्यात स्वतंत्र छोट्या डिकोडरवर ठेवावा, म्हणजे डबे काढले-जोडले तरी खूण योग्य डब्यावर राहते.

फ्लॅशरचा रंग पिवळसर केशरी आणि काम आणीबाणीचे. काही बिघडले, गाडी अचानक थांबली, तर शेजारच्या मार्गावरून येणाऱ्या गाडीला सावध करण्यासाठी तो लावतात. डिकोडरच्या यादीत ‘स्ट्रोब’ दिसतो म्हणून अनेक जण तोच निवडतात. तो चुकीचा. स्ट्रोब म्हणजे क्षणभर कडक चमक आणि लांब अंधार. इथे साधी उघडझाप हवी, जवळजवळ समान वेळ पेटता आणि विझलेला, आणि ज्या डिकोडरात चढ-उतार मऊ करता येतो तिथे तो अगदी थोडा मऊ केलेला. मुख्य म्हणजे चालत्या गाडीवर फ्लॅशर कायम मिचकावत ठेवू नये. नकाशात तो एफ१ किंवा एफ२ वर आणू नये. ही बटणे हॉर्न आणि घंटीच्या सवयीची आहेत आणि बोट आपोआप तिकडे जाते. दहाच्या पुढचे एखादे बटण त्याला द्यावे.